आम्लपित्ताची गोळी आणि रोजचे जेवण

आम्लपित्ताची गोळी चालू असताना ताक चालेल का? सोलकढी सोडावी का? गोळी दुधाबरोबर घेतली तर लवकर गुण येतो का? दवाखान्यात हे प्रश्न नेहमी विचारले जातात. पण गोळी घेतल्यानंतर जेवावे केव्हा, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक गोळीचा गुण सर्वांत जास्त त्यावरच अवलंबून असतो.

विरार पूर्वेच्या फुलपाड्यातून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांचा दिनक्रम पाहा. पहाटे उठल्याबरोबर अनशापोटी गोळी, त्यावर कपभर चहा आणि धावतपळत लोकल. चर्चगेटपर्यंतचा सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास आटोपून डबा उघडेपर्यंत दहा-अकरा वाजतात. महिनाभर गोळी घेऊनही जळजळ तशीच राहते आणि दोष औषधाला दिला जातो.

गोळी काम कशी करते?

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल ही आज सर्वाधिक वापरली जाणारी औषधे. जठराच्या आतल्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ही औषधे ते पंप बंद पाडतात. पण जे पंप त्या वेळी चालू असतात तेच. पंप मोठ्या संख्येने चालू होतात ते जेवणामुळे. औषध मात्र रक्तात थोडे तासच टिकते. म्हणून गोळी घेतल्यावर अर्ध्या ते एक तासाच्या आत खाल्ले पाहिजे. गोळी पहाटे पाचला आणि पहिला घास अकराला, तर पंप जागे होईपर्यंत औषध निघून गेलेले असते.

उलट भरल्या पोटी गोळी घेतली तर ती उशिरा शोषली जाते. यातील काही औषधांचे, विशेषतः इसोमेप्राझोलचे, शोषणही बरेच कमी होते.

तेव्हा घरून पोहे, उपमा किंवा भाकरी खाऊन निघत असाल तर उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी, आंघोळ उरकावी आणि मग खावे. पहिले खाणे कचेरीतच होत असेल तर गोळी खिशात ठेवावी आणि डब्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. नुसता चहा म्हणजे न्याहारी नव्हे. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. पहिल्याच दिवशी निराश होऊ नये.

दूध, ताक आणि सोलकढी

थंड दुधाने क्षणभर बरे वाटते. पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे जठर थोड्या वेळाने पुन्हा आम्ल सोडते. शिवाय या गोळ्यांवर जठरातील आम्लापासून बचाव करणारे कवच असते आणि ते आम्ल कमी असलेल्या आतड्यात विरघळावे अशी योजना असते. म्हणून गोळी चावू नये, कुटू नये, कॅप्सूलमधील दाणे दुधात कालवू नयेत.

ताक, कोकम, लिंबू यांच्या आंबटपणाने गोळी निकामी होत नाही. जठरातले आम्ल त्यांच्यापेक्षा कितीतरी तीव्र असते. मात्र अन्ननलिका आधीच सोललेली असेल तर आंबट आणि तिखट पदार्थ झोंबतात. म्हणजे तक्रार वाढते ती अन्नामुळे; औषध बिघडल्यामुळे नव्हे. ज्याला सोलकढी सोसते त्याने ती सोडण्याचे कारण नाही. स्टेशनबाहेरचा वडापाव, तळलेले मासे, वारंवार चहा, तंबाखू, मिश्री आणि मद्य यांचा आपल्याला काय अनुभव येतो ते पाहून ठरवावे. तंबाखू व मिश्री तर सर्वांनीच सोडावी.

पातळ औषध आणि सोड्याची पूड

अॅल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त पातळ औषधांचा नियम वेगळा आहे. ती जेवणानंतर सुमारे तासाभराने घेतली तर जास्त वेळ टिकतात. रिकाम्या पोटी लवकर निघून जातात. लोहाच्या गोळ्या, थायरॉईडची गोळी आणि काही प्रतिजैविके यांचे शोषण ती अडवतात. म्हणून या औषधांत काही तासांचे अंतर ठेवावे. किती, ते डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. फसफसणाऱ्या पुडीत सोडियम भरपूर असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी तिची सवय लावून घेऊ नये.

कपाटात रॅनिटिडीनची जुनी पाकिटे असतील तर ती परस्पर वापरू नयेत. या औषधात कर्करोगकारक असू शकणारे अशुद्ध द्रव्य २०१९ मध्ये आढळले. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळण्यात आले.

वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांसाठी

अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व मोकळे व्हायला आणि भाजी-डाळींतील लोह शोषले जायला आम्ल लागते. गोळी वर्षानुवर्षे चालू राहिली तर दोन्ही कमी पडू शकतात. शाकाहारी मंडळींनी आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी. हृदयरोगासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल परस्पर घेऊ नये. त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा गुण कमी होतो. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी स्वतःहून एकाएकी बंदही करू नये.

रात्री दहाला घरी पोहोचून जेवण आणि लगेच अंथरूण, असे असेल तर कोणतीही गोळी अपुरी पडते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवावेत. जमत नसेल तर संध्याकाळी पोटभर खाऊन रात्री हलके घ्यावे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून तो अर्धा फूट उंच करावा आणि डाव्या कुशीवर झोपावे.

शेवटी एक इशारा. छातीत दाब येणे, दरदरून घाम सुटणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे याला ॲसिडिटी समजून पुडी घेत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तडक रुग्णालय गाठावे. घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी होणे यांतही वाट पाहू नये.