बोंडातली निवड

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कपाशीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आता अळीला सवय झाली." जालना जिल्ह्यात घनसावंगी असो, अंबड असो की भोकरदन, वाक्य तेच. बीटी कपाशी खाऊनही गुलाबी बोंडअळी मरत नाही, हे खरं आहे. सवय मात्र कुणालाच झालेली नाही. ज्या अळ्यांना ते विष बाधायचं, त्या केव्हाच मेल्या. आज बोंडात सापडतात त्या तेव्हा वाचलेल्यांच्या वंशातल्या. फरक बोलण्यापुरता वाटतो, पण उत्क्रांती कळते ती तिथेच.

काही जगतात, काही मरतात, ही झाली निवड; आणि निवड ही गोष्ट जालन्याला नवी नाही. हे शहर बियाण्यावर मोठं झालं. बद्रीनारायण बारवाले यांनी 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, 1964 मध्ये महिको ही त्यांची बियाणे कंपनी उभी राहिली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बाया संध्याकाळी कळ्यांमधले पुंकेसर काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलातले पराग लावतात. हवं ते झाड ठेवायचं, नको ते उपटायचं. डार्विननं 1859 च्या आपल्या ग्रंथाची सुरुवातही अशाच माणसानं केलेल्या निवडीपासून केली होती. त्यानं उदाहरण घेतलं कबुतरं पाळणाऱ्यांचं. जालन्याचा एखादा ब्रीडर त्याला भेटला असता, तर कबुतरांची काही पानं नक्की वाचली असती.

आणि बियाण्याच्या धंद्याला या कथेचा उत्तरार्धही पहिल्यापासून ठाऊक होता. पुसा सावनीचं नाव झालं ते केवडा रोगाला दाद न देणारी भेंडी म्हणून. काही वर्षांनी त्याच वाणावर केवडा दिसू लागला.

बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली मार्च 2002 मध्ये, महिकोच्या तीन संकरित वाणांना. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं एक जनुक कपाशीत घातलं होतं. त्यामुळे झाड क्राय-1-एसी नावाचं प्रथिन स्वतःच तयार करतं. अळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्याच्या आतल्या बाजूला असलेल्या ठरावीक रेणूंना ते चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते.

आता समजा, एखाद्या अळीत हा चिकटण्याचा रेणू बनवणारं जनुकच बिघडलेलं आहे. प्रथिनाला धरायला जागा मिळत नाही, अळी खात राहते. प्रतिकार करणाऱ्या गुलाबी बोंडअळ्यांमध्ये शास्त्रज्ञांना कॅडहेरिन नावाच्या जनुकात असेच बिघाड सापडले आहेत. असा बिघाड काही बीटीमुळे निर्माण होत नाही. लाखो अळ्यांमध्ये तो एखादीत अपघातानं असतोच, आणि एरवी त्याचा काही उपयोग नसतो. शिवारभर बीटी लावल्यावर मात्र तो एकदम मोलाचा ठरतो. बाकीच्या मरतात आणि बिघडलेलीला बोंड, जोडीदार, वारस सगळं मिळतं. पतंगाची मादी शंभराच्या वर अंडी घालते आणि एका हंगामात अनेक पिढ्या होतात. जालन्याच्या ब्रीडरला एक वाण उभं करायला कैक वर्षं लागतात. बोंडातली ही निवड बिनपगारी, रात्रंदिवस चालू होती.

2010 मध्ये गुजरातमधल्या अमरेली आणि आसपासच्या जिल्ह्यांत पहिल्या बीटीवर अळी टिकल्याचं जाहीर झालं. तोवर दोन प्रथिनांचं 'बोलगार्ड-2' 2006 पासून बाजारात आलेलं होतं. दाराला दोन कुलपं लावली की चोराला दोन्ही एकदम फोडावी लागतात, असा त्यामागचा हिशेब. पण इथे पहिलं कुलूप आधीच निकामी होत आलं होतं. उरलं एकच. काही वर्षांत गुजरातेत तेही फुटलं आणि 2017 मध्ये मराठवाड्यासह विदर्भातल्या शेतकऱ्यांनी वरून धडधाकट दिसणारी बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी आणि डागाळलेली कवडी.

मग एक प्रश्न उरतो. 2002 मध्ये कपाशीचा मोठा शत्रू होती ती हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी. विष तेच, शेतही तेच. तरी गुलाबीसारखा राज्यभर उद्रेक तिनं बीटीवर केलेला नाही. याचं एक मोठं कारण तिच्या खादाडपणात आहे. हीच अळी हरभऱ्यावर घाटेअळी होते, तुरीवर शेंगा पोखरते, टोमॅटोत शिरते, मक्याची कणसं खाते. जालन्याच्या शेतकऱ्यानं कपाशीत तुरीचं तास घेतलं की तिला विष नसलेलं ताट आयतंच मिळतं. तिथे विषानं मरू शकणारे पतंग तयार होतात आणि वाचलेल्यांशी त्यांचा संकर होतो. प्रतिकाराचं जनुक बहुधा सुप्त असतं. आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच उपयोगी पडतं. अशा मिश्र जोड्यांची पिल्लं बीटीच्या बोंडात मरतात. गुलाबी अळीचं जेवण जवळपास फक्त कपाशी, फार तर भेंडी किंवा अंबाडी. तिला दुसरं ताटच नाही. एकाच अन्नावर जगणारा जीव लवकर उपाशी मरेल असं कुणालाही वाटेल. इथे त्याच एककल्लीपणामुळे सगळ्या वंशाची निवड एका दिशेनं झाली.

म्हणूनच 450 ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणं दिलं जायचं. शेताच्या कडेनं त्याच्या ओळी लावायच्या आणि तिथे अळी पोसायची. दोन-तीन एकरवाल्याला 'थोडी कपाशी अळीला खाऊ द्या' हे पटवणं सोपं नव्हतं. बहुतेक पाकिटं बांधावरच राहिली. दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणं ठीक नाही, कारण त्या बियाण्याच्या दर्जाच्याही तक्रारी होत्या. शिवाय फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतरही पीक उभंच ठेवलं, की अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवी बोंडं मिळत राहतात.

   

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात मात्र बिगरबीटीच्या ओळी खरोखर लावल्या गेल्या. पुढे प्रयोगशाळेत नपुंसक केलेले अब्जावधी पतंग शेतांवर सोडले आणि 2018 मध्ये देशाच्या मुख्य भूमीतल्या कापूस पट्ट्यातून ही कीड संपल्याचं अमेरिकेच्या कृषी खात्यानं जाहीर केलं. चीनची गोष्ट जास्त गमतीची. यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी पैसे वाचवायला संकरित बियाण्याची पुढची पिढीच पेरली, जे न करण्याबद्दल प्रत्येक बियाणेविक्रेता बजावतो. त्यातली चतुर्थांश झाडं आपोआप बिगरबीटी निघाली आणि अळीतला प्रतिकार मागे हटला.

जालन्यात सध्या भर आहे तो अळीची साखळी तोडण्यावर : जूनआधी लागवड नको, डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, वेचून नष्ट करा, शेतात आणि जिनिंगमध्ये कामगंध सापळे लावा, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. उपटलेली पऱ्हाटी बऱ्याच घरांमागे जळणासाठी रचून ठेवलेली असते. गुलाबी अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मध्ये झोपी जाते. गंजीतल्या न फुटलेल्या बोंडांत ती उन्हाळा काढते आणि पाऊस पडला की पतंग होऊन बाहेर येते.