आप्पांना संवाद ऐकू यावेत म्हणून



सणासुदीच्या दिवसांत सुरतच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा, मोठ्या टीव्हीखाली एक लांबट काळी पट्टी मांडलेली दिसते. शेजारी एक खोका आणि दोन छोटे स्पीकर. दुकानातला मुलगा रिमोट दाबतो, पडद्यावर गाड्या उडतात, पायाखालची फरशी थरथरते आणि आपल्या बरोबरची पोरं लगेच म्हणतात, "बाबा, हेच घेऊ या!" हा वायरलेस साउंडबार. आमच्या घरी तो आल्यापासून मंडळातल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, की घ्यावा का, कुठला घ्यावा, किती वॅटचा घ्यावा. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावं म्हटलं. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. पण आमच्याकडे ही वस्तू हौसेपेक्षा गरजेपोटी आली, त्यामुळे घेण्याआधी बरीच माहिती काढली होती.

टीव्ही पातळ झाला, आवाजही पातळ झाला

जुन्या डबा टीव्हीला पडद्याच्या बाजूला, आपल्याकडे तोंड केलेले चांगले स्पीकर असायचे. आताचा टीव्ही इंचभर जाडीचा. त्यात मोठा स्पीकर बसवायला जागाच नाही. म्हणून छोटे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला लावतात. त्यांचा आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. चित्र काचेसारखं स्वच्छ, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही, ही तक्रार त्यातूनच येते. तरुण कानांना हे फारसं जाणवत नाही. ज्येष्ठांना लगेच जाणवतं.

आमच्या घरी ते आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना जाणवलं. आप्पा १९७८ साली अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले आणि पॉवरलूमच्या कारखान्यात लागले. चौतीस वर्षं त्यांनी लूमवर काढली. लूमचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलची मर्यादा धरलेली आहे. लूमच्या शेडमध्ये आवाज सहज तिच्या वर जातो. कापसाचे बोळे सोडले तर त्या काळी कानात कोणी काही घालत नसे.

अशा आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. नुकसानीची सुरुवात बहुतेक वेळा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून होते. आता आपल्या बोलण्याचं बघा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि भरदार असतात. स, श, त, फ, ख ही व्यंजनं हलकी आणि उंच पट्टीतली. उंच पट्टी गेली की माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द तुटतात. 'साप', 'ताप' आणि 'खाप' सगळं सारखंच वाटतं. आप्पा नेमकं हेच म्हणायचे, "आवाज येतो गं, पण काय बोलतात ते समजत नाही." लिंबायत, उधना, पांडेसरा भागातल्या कितीतरी घरांत हे वाक्य रोज ऐकू येत असेल.

यावर घरोघरी एकच उपाय होतो, आवाज वाढवायचा. पण आवाज वाढवला की संवादांबरोबर मागचं संगीत, गाड्या, पाऊस, सगळंच वाढतं. आमच्या टीव्हीचा आकडा ४० वर जायचा, मुलगी कानांवर हात ठेवायची, मग कोणीतरी तो २० वर आणायचं आणि आप्पा मुकाट्याने पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे. सिनेमाखाली अक्षरं येतात, पण मराठी सिनेमाखालीही बहुधा इंग्रजीच. ती आप्पांच्या कामाची नाहीत.

मला त्यात दुसरीही काळजी होती. माझी मुलगी शाळेत इंग्रजी बोलते, सोसायटीत गुजराती, मैत्रिणींशी हिंदी. मराठी तिच्या कानावर पडतं ते घरात, आणि त्यातही जास्त आप्पांकडून. शनिवारी रात्री दोघं मिळून मराठी सिनेमा बघायचे. मध्येच थांबवून ती विचारायची, "आप्पा, 'बिलंदर' म्हणजे काय?" आणि आप्पा आधी अर्थ, मग अमळनेरच्या एखाद्या बिलंदर माणसाची गोष्ट सांगायचे. आप्पा गॅलरीत जाऊन बसू लागले तशी ही शाळा बंद पडायला लागली.

आधी कान, मग साउंडबार

काहीही विकत घेण्याआधी कान तपासून घ्या. कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री नावाची साधी चाचणी होते. आपल्याकडे न्यू सिव्हिलमध्ये आणि स्मीमेरमध्ये हा विभाग आहे. कधी नुसता मळ साचलेला असतो, कधी यंत्राची गरज असते. आप्पांना यंत्र मिळालं. बाहेर जाताना ते लावतात, पण संध्याकाळी कान दुखतो म्हणून काढून ठेवतात. साउंडबार हा कानाच्या यंत्राला पर्याय नाही. दोन्ही एकमेकांना मदत करतात.

५.१ म्हणजे नेमकं काय?

खोक्यावरचे आकडे समजून घेतले की निम्मं काम होतं. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरचा. पाच म्हणजे समोर डावा, मधला, उजवा आणि मागे दोन. पुढचा १ म्हणजे सबवूफर, तो खोका, जो फक्त खालचा घुमणारा आवाज काढतो. तिसरा आकडा असेल, उदाहरणार्थ ५.१.२, तर तो वरून येणाऱ्या आवाजाचा. सिनेमागृहात ५.१ चा डिजिटल आवाज डॉल्बीने १९९२ मध्ये 'बॅटमन रिटर्न्स'पासून आणला, आणि डोक्यावरून आवाज नेणारं ॲटमॉस २०१२ मध्ये 'ब्रेव्ह'पासून.

आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो मधला स्पीकर. सिनेमाचा आवाज जुळवताना बहुतेक संवाद मधल्या वाटेवर ठेवतात. थिएटरमध्ये तो स्पीकर पडद्याच्या मागे मधोमध असतो, म्हणून शब्द पात्राच्या तोंडून आल्यासारखे वाटतात. टीव्हीच्या दोन स्पीकरमध्ये मात्र संवाद, संगीत, पाऊस सगळं एकत्र कालवलं जातं. साउंडबारमध्ये मधला स्पीकर वेगळा असेल तर त्याचाच आवाज वाढवता येतो आणि बाकीचं होतं तिथेच राहतं. आप्पांना हवं होतं ते एवढंच.

म्हणून माझा क्रम असा आहे. आधी मधला स्पीकर, मग मागचे दोन, आणि पैसे उरले तर वरचे. २.१ लिहिलेल्या बारमध्ये मधला स्पीकर नसतो. ३.१ मध्ये असतो, मागचे नसतात. घरात फक्त संवादांची अडचण असेल तर ३.१ पुरतो. आणखी एक बघा. काही खोक्यांवर मोठे आकडे असतात, पण आत मागचे स्पीकरच नसतात. आवाज भिंतीवरून परतवून किंवा प्रक्रिया करून 'मागून आल्याचा भास' करतात. त्याला व्हर्च्युअल सराउंड म्हणतात. तो वाईट नसतो, पण खऱ्या मागच्या स्पीकरची किंमत त्याला देऊ नका. आणि वॅट विचारायचेच असतील तर 'आरएमएस' किती ते विचारा. 'पीएमपीओ'चे हजारो वॅट जाहिरातीपुरते असतात.

वायरलेस म्हणजे बिनवायरीचा नव्हे

वायरलेस म्हणजे बारपासून सबवूफर आणि मागच्या स्पीकरपर्यंत आवाज रेडिओ लहरींनी जातो. हॉलमधून वायर ओढावी लागत नाही, हा मोठाच फायदा. पण वीज प्रत्येकाला लागते. बार, सबवूफर आणि दोन मागचे मिळून चार प्लग. काही कंपन्या मागच्या दोन स्पीकरसाठी एकच छोटी पेटी देतात आणि त्या पेटीपासून दोघांना वायर जाते. सोफ्यामागे प्लग आहे का, हे घेण्याआधीच बघून ठेवा, नाहीतर वायरलेसच्या नावाखाली एक्स्टेन्शन बोर्ड हॉलभर फिरतो.

टीव्ही आणि बार यांच्यामध्ये मात्र वायरच चांगली. ब्लूटूथने जोडलं तर आवाज थोडा मागे राहू शकतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. ज्यांना कमी ऐकू येतं ते नकळत ओठांकडे बघून शब्द जुळवतात. त्यांच्यासाठी हा मागे राहणारा आवाज फार त्रासाचा. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय खाचेवर 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलेलं असतं, तिथेच केबल लावा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार 'पीसीएम' असेल तर तो बदलून 'ऑटो' किंवा 'पास थ्रू' करा. हे राहून गेलं तर पाच वाटांचा आवाज दोनच वाटांनी येऊ शकतो. ओटीटीवरचं ॲटमॉस साध्या एआरसीमधूनही जातं. फक्त टीव्हीने ते पुढे पाठवायला हवं.

आपले फ्लॅट आणि खालचे शेजारी

माहितीपत्रकातल्या चित्रात सोफा खोलीच्या मधोमध असतो. आपल्याकडे तो भिंतीला टेकलेला. मग मागचे स्पीकर मागे ठेवणार कुठे? बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या रेषेच्या किंचित मागे आणि थोडे वर ठेवले तरी छान चालतं. बार टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सरकवू नका. टेबलाच्या पुढच्या कडेला ठेवा आणि त्याच्यासमोर फ्लॉवरपॉट, फोटो, गणपतीची मूर्ती काही नको.

दुसरी अडचण फरशीची. गुळगुळीत टाइल्स आणि मोकळ्या भिंती असल्या की आवाज इकडून तिकडे आपटत राहतो आणि शब्द धूसर होतात. याचा इलाज आपल्या गावात सगळ्यात स्वस्त. कापडाच्या शहरात राहतो आपण! जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, भारतीय बैठक असेल तर उत्तमच. आमच्या हॉलमध्ये पडदे बदलल्यावर आप्पांना जो फरक जाणवला, तो पुढची पायरी असलेला महागडा बार घेऊनही आला नसता असं मला वाटतं.

सबवूफरचं मात्र जपून. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते. ती पडद्याने थांबत नाही, भिंतीतून आणि स्लॅबमधून खाली जाते. आपल्याला मजा वाटते तेव्हा खालच्या काकांच्या कपाटातली भांडी वाजत असतात. खोका कोपऱ्यात ठेवला की घुमारा वाढतो, म्हणून तो कोपऱ्यापासून दूर, जाड रबरी मॅटवर ठेवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे. रिमोटवर 'नाइट' बटण असेल तर रात्री वापरा. ते मोठे धमाके दाबतं आणि हळू बोलणं वर उचलतं. ज्येष्ठांसाठी हे बटण दिवसाही उपयोगी पडतं.

जुने सिनेमे, नवे सिनेमे

'श्यामची आई' (१९५३) किंवा 'सिंहासन' (१९७९) लावून मागच्या स्पीकरमधून काही येत नाही म्हणून यंत्र बिघडलं असं समजू नका. त्या काळचा आवाज एकाच वाटेचा. तो पाचही स्पीकरमधून पसरवला तर उलट शब्द विरघळतात. अशा वेळी सराउंड बंद करून 'स्टँडर्ड' किंवा 'व्हॉइस' ठेवा. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) किंवा 'सैराट' (२०१६) लावा, म्हणजे संगीताचा विस्तार कळेल. 'सैराट'चा वाद्यवृंद तर हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला आहे. आणि संवादांची परीक्षा घ्यायची तर 'नटसम्राट' (२०१६) लावा.

आमच्याकडे आता मधला स्पीकर बाकीच्यांपेक्षा बराच वर ठेवलेला असतो आणि मुलीला कानांवर हात ठेवावे लागत नाहीत. आप्पांना सगळं कळतं असं नाही. कुजबुज आणि घाईतलं बोलणं निसटतं. तेव्हा मुलगी थांबवते आणि ते वाक्य मराठीत पुन्हा म्हणून दाखवते. पूर्वी ती विचारायची आणि ते सांगायचे, आता दोन्हीकडून चालतं.

किंमत दहा हजारांच्या आत सुरू होते आणि लाखाच्याही पुढे जाते. किती घालवायचे ते ज्याने त्याने ठरवावं. फक्त दुकानात जाताना घरातल्या सगळ्यात कमी ऐकू येणाऱ्या माणसाला बरोबर न्या. गाड्या उडवणारा नमुना बंद करायला सांगा, मोबाइलवरून एखादा मराठी संवादांचा प्रसंग लावा, बसून बोलण्याइतपत आवाज ठेवा. मग "कसा वाटला?" असं विचारू नका, कारण आपली मोठी माणसं "छान आहे" असंच म्हणतात. "आता तो काय म्हणाला?" असं विचारा. त्यांनी वाक्य बरोबर सांगितलं, तर पैसे काढायला हरकत नाही.