वकिली संस्थांच्या संकेतस्थळांवरील वैयक्तिक माहितीचे संरक्षण

वकिली संस्थांच्या संकेतस्थळांवरील वैयक्तिक माहितीचे संरक्षण या विषयात वकील किंवा वकिलांच्या भागीदारी संस्था (लॉ फर्म) आपल्या संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांची कोणती माहिती गोळा करतात, ती कशासाठी वापरतात, किती काळ ठेवतात आणि कोणाकडे सोपवतात, याचा विचार होतो. भारतात या विषयाला दोन वेगळे कायदे लागू पडतात. एक म्हणजे वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेचा जुना नियम आणि दुसरा म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा. पहिला नियम अशिलाचे रक्षण करतो. संकेतस्थळावर आलेली व्यक्ती मात्र बहुधा अजून कोणाची अशील झालेली नसते. त्यामुळे वकिलाचा शोध सुरू करण्यापासून वकीलपत्रावर सही करेपर्यंतच्या काळात तिचे रक्षण मुख्यतः दुसऱ्या कायद्यावर अवलंबून राहते.

## पार्श्वभूमी

भारतात वकिलांना आपल्या व्यवसायाची जाहिरात करता येत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय वकील परिषदेने (बार कौन्सिल ऑफ इंडिया) केलेल्या नियमांपैकी ३६ व्या नियमाने जाहिरात करणे आणि काम मागणे यांस मनाई केली आहे. २००८ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन वकिलांना संकेतस्थळ ठेवण्याची मर्यादित मुभा मिळाली. नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, ई-मेल, सनदेचा क्रमांक व दिनांक, राज्य वकील परिषद व वकील संघाचे नाव, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे एवढीच माहिती अशा संकेतस्थळावर देता येते. महाराष्ट्रातील वकिलांची नोंदणी महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे होते.

या नियमामुळे भारतीय वकिली संस्थांच्या संकेतस्थळांवर एक विशिष्ट प्रथा रूढ झाली. संकेतस्थळ उघडताच एक निवेदन समोर येते. आपण स्वतःच्या इच्छेने येथे आलो आहोत, संस्थेने आपल्याकडे काम मागितलेले नाही आणि ही माहिती वाचल्याने वकील-अशील नाते निर्माण होत नाही, हे वाचकाने ‘मान्य आहे’ या कळीवर टिचकी मारून कबूल करायचे असते. हे निवेदन वकिलाने जाहिरातबंदी मोडलेली नाही, हे दाखवण्यासाठी असते. वाचकाच्या वैयक्तिक माहितीच्या वापराला त्याने दिलेली संमती म्हणून ते पुरेसे नाही, कारण कोणती माहिती कोणत्या कामासाठी घेतली जाणार हे त्यात बहुधा सांगितलेलेच नसते.

## गोळा होणारी माहिती

संकेतस्थळाकडे जाणारी माहिती स्थूलमानाने तीन प्रकारची असते.

* आपोआप नोंदली जाणारी माहिती: कोणतेही पान उघडले की सर्व्हरच्या नोंदवहीत वाचकाचा आयपी पत्ता, वेळ, उघडलेले पान, ब्राउझरचा प्रकार आणि अनेकदा तो कोणत्या दुव्यावरून आला याची नोंद होते.
* कुकी व मोजणीची साधने: कुकी ही ब्राउझरमध्ये साठवली जाणारी लहान नोंद असते. काही कुकी संकेतस्थळ चालण्यासाठी आवश्यक असतात. काहींचा उपयोग तोच वाचक पुन्हा आला हे ओळखण्यासाठी होतो. वाचकसंख्या मोजण्याची साधने, नकाशे आणि चित्रफिती अनेकदा अन्य कंपन्यांच्या असतात व त्यांच्यामार्फत माहिती त्या कंपन्यांपर्यंत पोहोचते.
* वाचकाने स्वतः दिलेली माहिती: संपर्क अर्जातील नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, प्रकरणाची हकीकत आणि जोडलेली कागदपत्रे या गटात मोडतात. नोकरीसाठी किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले अर्जही यातच येतात.

इतर बहुतेक व्यवसायांच्या तुलनेत येथे पहिल्या दोन प्रकारांनाही अधिक महत्त्व आहे. घटस्फोट, अटकपूर्व जामीन किंवा दिवाळखोरी या विषयांवरील पान कोणी, किती वेळा आणि कोणत्या रात्री उघडले, यावरूनच त्या व्यक्तीच्या आयुष्यात काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी तिने अर्जात एक अक्षरही लिहिण्याची गरज नसते.

## वकील-अशील गोपनीयता आणि तिची मर्यादा

अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करू नये, हा नियम भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने घेतली आहे. अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला ही माहिती उघड करता येत नाही आणि काम संपल्यानंतरही हे बंधन कायम राहते. दुभाषी आणि वकिलाचे कारकून व कर्मचारी यांनाही ते लागू आहे. बेकायदेशीर हेतू साध्य करण्यासाठी केलेल्या संभाषणाला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

हे संरक्षण वकिलाच्या व्यावसायिक सेवेच्या ओघात आणि त्या सेवेसाठी झालेल्या संवादाला आहे. संकेतस्थळावरील निवेदन तर असे नाते निर्माण झाले नसल्याचे आधीच जाहीर करते. त्यामुळे संपर्क अर्जात लिहिलेल्या हकिकतीला हे संरक्षण मिळेल, असे वाचकाने गृहीत धरणे धोक्याचे ठरते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या किंवा त्यासाठी सर्व्हर पुरवणाऱ्या बाहेरच्या कंपनीचा या कलमात वेगळा उल्लेख नाही.

याच टप्प्यावर हितसंबंधांचा संघर्षही उद्भवू शकतो. एखाद्या वादात वकिलाने एका पक्षाला दाव्याबाबत सल्ला दिला असेल, तर त्याच वादात त्याला विरुद्ध पक्षाचे काम घेता येत नाही. अनोळखी व्यक्तीने अर्जात सविस्तर हकीकत लिहिली आणि तिचा प्रतिपक्ष त्याच संस्थेचा जुना अशील निघाला, तर दोघांचीही अडचण होते. म्हणून पहिल्या अर्जात केवळ नाव, संपर्क, विषयाचा प्रकार आणि प्रतिपक्षाचे नाव विचारणे व बाकीची हकीकत पडताळणीनंतर ऐकणे, ही अधिक सुरक्षित पद्धत मानली जाते.

## माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००

माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३अ घालण्यात आले. संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळण्यात निष्काळजीपणा होऊन कोणाचे नुकसान झाल्यास भरपाई देण्याची जबाबदारी या कलमाने निश्चित केली. कंपनीबरोबरच भागीदारी संस्था, एकल मालकी आणि व्यावसायिक काम करणारे व्यक्तिसमूह यांनाही हे कलम लागू असल्याने वकिली संस्था त्याच्या कक्षेत येतात.

या कलमाखालील एप्रिल २०११ च्या नियमांनुसार पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्यविषयक माहिती, लैंगिक कल आणि बायोमेट्रिक माहिती संवेदनशील ठरते. संस्थेने संकेतस्थळावर गोपनीयता धोरण प्रसिद्ध करणे आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे आवश्यक आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात.

## डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा सादर केला. २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि नव्या विधेयकाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाची आहेत.

### सूचना आणि संमती

माहिती घेण्यापूर्वी ती कोणती व कशासाठी घेतली जात आहे, याची सूचना देणे बंधनकारक आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी ही त्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तरी वकिली संस्थांची गोपनीयता धोरणे सामान्यतः इंग्रजीतच आढळतात. त्यामुळे या तरतुदीला राज्यात विशेष महत्त्व आहे.

कुकींचा या अधिनियमात नावानिशी उल्लेख नाही. तथापि ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशी व्याख्या असल्याने व्यक्तीशी जोडता येणाऱ्या कुकी त्यात येतात.

### दाव्यांसाठी सूट

कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणे आवश्यक असल्यास कलम १७ नुसार संमतीसह बहुतेक बंधनांतून सूट मिळते. ही सूट नसती, तर प्रतिपक्षाचे नाव दाव्यात लिहिण्यासाठीही त्याची संमती घ्यावी लागली असती. सुरक्षिततेची जबाबदारी मात्र सूट असतानाही कायम राहते. वाचकसंख्या मोजणे किंवा वार्तापत्र पाठवणे यासाठी वापरलेल्या माहितीला ही सूट लागू होत नाही.

### सुरक्षितता, हक्क आणि दंड

संकेतस्थळाचे काम बाहेरच्या कंपनीला दिले तरी जबाबदारी वकिली संस्थेचीच राहते. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला आणि माहिती संरक्षण मंडळाला कळवावे लागते. मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा असतो. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याविषयीची माहिती पाहणे, दुरुस्त करणे, पुसून टाकण्यास सांगणे आणि तक्रार करणे हे हक्क व्यक्तीला दिलेले आहेत.

दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, नुकसान झालेल्या व्यक्तीला मिळत नाही. मुख्य तरतुदींसोबतच कलम ४३अ रद्द होणार असल्याने भरपाईचा तो मार्गही बंद होतो. या कायद्यावरील प्रमुख टीकांपैकी ही एक आहे.

## ग्रामीण भागातील उदाहरण

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथील एका महिलेचे काल्पनिक उदाहरण घेता येते. वडिलोपार्जित शेतीच्या सातबाऱ्यावर तिचे नाव लागलेले नाही. वाटणीचा दावा जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयात, त्यावरील अपील जालना येथे आणि पुढचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जाऊ शकते. ती भावाच्या भ्रमणध्वनीवरून वकिलांची संकेतस्थळे पाहते. उघडलेली पाने त्या यंत्राच्या इतिहासात राहतात आणि ज्यांच्याविरुद्ध दावा करायचा, त्यांच्याच हाती तो इतिहास पडू शकतो. तिने व्हॉट्सॲपच्या कळीवरून सातबारा आणि आधार कार्डाची छायाचित्रे पाठवली, तर ती संकेतस्थळाबाहेरच्या सेवेतून जातात व वकिलाच्या यंत्रावर साठून राहतात. पुढे तिने दुसरा वकील नेमला, तर पहिल्या वकिलाला ती छायाचित्रे पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क २०२३ चा अधिनियम तिला देतो. धोरणात तक्रारीचा पत्ता नसेल किंवा ते तिला वाचता न येणाऱ्या भाषेत असेल, तर हा हक्क बजावणे अवघड होते.

## इतर देशांत

युरोपीय संघाचा सामान्य माहिती संरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ‘प्लॅनेट४९’ खटल्यात, आधीच खूण केलेली चौकट ही कुकींसाठी दिलेली संमती ठरत नाही, असा निर्णय दिला.

वकिली संस्थेतून माहिती फुटण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पनामातील मोसॅक फोन्सेका या संस्थेचे आहे. एप्रिल २०१६ मध्ये ‘पनामा पेपर्स’ या नावाने तिच्याकडील सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज पत्रकारांनी उजेडात आणले. त्यानंतर सुरक्षा तज्ज्ञांनी तिचे संकेतस्थळ व अशिलांसाठीचे दालन जुन्या, दुरुस्त न केलेल्या प्रणालींवर चालत असल्याचे दाखवून दिले. २०१८ मध्ये ती संस्था बंद झाली.

## हेही पाहा

* गोपनीयतेचा अधिकार
* माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
* भारतीय साक्ष अधिनियम, २०२३
* अधिवक्ता अधिनियम, १९६१