विश्लेषण : ठिगळ कुठे टिकते, कुठे घात करते?

खरीप तोंडावर आला की गावागावांत दुरुस्तीची कामे एकदम निघतात. ताडपत्री फाटलेली असते, दुचाकीच्या ट्यूबमध्ये काटा रुतलेला असतो, फवारणी पंप गळत असतो आणि गोधडीची शिवण उसवलेली असते. चिखली तालुक्यातील उंद्री हे अशाच गावांपैकी एक. खामगाव-चिखली रस्त्यावरच्या या पट्ट्यात शेती बहुतांश पावसावरची, सोयाबीन-कापूस-तुरीची. नवे घेण्याआधी जुने आणखी एक हंगाम चालेल का, हे इथे आधी पाहिले जाते. त्यावरचा सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे ठिगळ. मात्र प्रत्येक वस्तूच्या ठिगळाचे शास्त्र वेगळे आहे आणि काही ठिकाणी ते लावणेच धोक्याचे आहे.

ठिगळ आणि रफू यांत फरक काय?

फाटलेल्या जागेवर तशाच जातीचा दुसरा तुकडा बसवला की ते ठिगळ. रफूमध्ये वेगळा तुकडा नसतो. सुईने उभे-आडवे धागे भरून वीण पुन्हा तयार केली जाते. म्हणून लहान भोकाला रफू आणि मोठ्या फाटीला किंवा विरलेल्या जागेला ठिगळ, असा साधा नियम आहे. पँटचा गुडघा, सदऱ्याचे कोपर अशा सतत घासणाऱ्या जागी ठिगळ जास्त काळ टिकते.

कापडाला ठिगळ लावताना चुकते कुठे?

पहिली चूक मापाची. तुकडा भोकाएवढाच कापला तर शिवण विरलेल्या कापडावर येते आणि पुन्हा फाटते. शिवण चांगल्या, घट्ट कापडावर यावी इतका तुकडा मोठा हवा. दुसरी चूक कापडाच्या निवडीची. जुन्या, मऊ कापडावर नवे जाड कापड लावले की सगळा ताण कडेला येतो आणि ठिगळाच्या बाजूनेच कापड फाटते. शिवाय नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. ते आधी धुऊन घेतले नाही तर ठिगळाभोवती चुण्या पडतात. तिसरी चूक दिशेची. तुकड्याचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांशी जुळले नाहीत तर ठिगळ तिरके ओढले जाते.

गोधडी हे ठिगळच का?

गोधडी किंवा वाकळ ही ठिगळाची पुढची पायरी आहे. जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर अंथरायची, वर उरलेले तुकडे जोडायचे आणि सगळ्यातून धावदोरा घालायचा. हे टाके नुसते शोभेचे नसतात. ते थर एकमेकांवरून सरकू देत नाहीत आणि ताण सगळ्या कापडावर वाटून देतात. एक तुकडा विरला तर तेवढ्याच जागी दुसरा लावता येतो. म्हणूनच गोधडी वर्षानुवर्षे चालते.

विदर्भाने ठिगळाचे वस्त्र आणखी एका रूपात पाहिले आहे. अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा चिंध्या जोडलेले कपडे घालत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या या संताच्या अंगावर ठिगळ गरिबीची लाज म्हणून उरले नाही.

आज गोधडीपुढची अडचण कापडाची आहे. सुती लुगडी घरात कमी झाली आणि सिंथेटिक साड्या आल्या. हे कापड निसरडे असते, थर सरकतात, कडेचे धागे सुटतात आणि घाम शोषला जात नाही. खामगावच्या कापूस बाजारासाठी १८७० मध्येच रेल्वेचा फाटा आला होता. त्याच कापूसपट्ट्यात आता गोधडीसाठी सुती कापड शोधावे लागते.

ट्यूब आणि ताडपत्रीचे काय?

ट्यूबचे पंक्चर काढताना कारागीर आधी जागा घासतो, कारण गुळगुळीत आणि धूळ बसलेल्या रबरावर काहीच धरत नाही. मग सोल्युशन लावून ते थोडे सुकू देतो. ओल्यावरच पॅच दाबला तर आतला द्रव अडकतो आणि पॅच सुटतो. पॅचचे कोपरेही गोल ठेवतात, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो.

ताडपत्रीला मात्र हे सोल्युशन चालत नाही. ती बहुधा पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला साधा गोंद धरत नाही. सुईने शिवली तर प्रत्येक टाक्याचे भोक पाणी आत घेते. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तराचेही तसेच. तिथे जागा स्वच्छ, कोरडी करून त्याच जातीचा तुकडा गरम हवेच्या यंत्राने वितळवून जोडणे हा खात्रीचा मार्ग आहे. वेळीच लावलेले असे एक ठिगळ रब्बीचे पाणी वाचवू शकते.

ठिगळ कुठे लावू नये?

जिथे ठिगळ सुटले तर जीव जाऊ शकतो, तिथे. ट्यूबलेस टायरच्या बाजूच्या भिंतीला पॅच लावू नये. तो भाग चालताना सतत वाकतो आणि पॅच टिकत नाही. गॅसच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. तडा गेलेले हेल्मेटही बदलायचेच.

शेतकऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाचा आहे फवारणी पंप. गळक्या नळीला फडके बांधून फवारणी केली की तेच फडके विष शोषते आणि ते पाठीला, हाताला लागत राहते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला होता. त्यामागे अनेक कारणे होती, पण कीटकनाशक अंगाला लागू न देणे हा त्यातला पहिला धडा आहे. पंपाचे वॉशर, नळी आणि नोझल सुटे मिळतात. ते बदलावेत, बांधू नयेत.

जगात ठिगळाकडे कसे पाहिले जाते?

जपानच्या ग्रामीण भागात ठिगळांवर ठिगळे लावून पिढ्यान् पिढ्या वापरलेले ‘बोरो’ कपडे आता संग्रहालयांत ठेवले जातात. कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंडी’ या ठिगळांच्या गोधड्यांना शहरांत मागणी आहे. फ्रान्सने २०२३ मध्ये कपडे आणि बूट दुरुस्त करून घेणाऱ्या ग्राहकांना बिलात सवलत देणारी योजना सुरू केली, कारण नवे कपडे इतके स्वस्त झाले की दुरुस्ती परवडेनाशी झाली.

आपल्याकडेही गणित तिकडेच चालले आहे. बाजारात नवी स्वस्त चादर सहज मिळते, पण गोधडीला दिवसच्या दिवस लागतात. ती शिवणाऱ्या बाईला त्या दिवसांची मजुरी मिळाली नाही तर ही कला तिच्यापाशीच थांबेल. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपण म्हणतो. आभाळाचे राहू द्या; सदरा, ट्यूब आणि ताडपत्री यांचे ठिगळ मात्र नीट लावता येते. त्यासाठी फाट लहान असतानाच हात लावायला हवा.