रॉक मशीनचं इंडस क्रीड का झालं?

1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड सुरू झाला तेव्हा इथे रॉक ऐकणारे म्हणजे मुख्यतः कॉलेजची पोरं. त्यांना हवी असत परदेशी बँडची गाजलेली गाणी. रॉक मशीननेही आधी तीच वाजवली. पण गिटारिस्ट महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल आणि साथीदारांनी हळूहळू स्वतः रचलेली गाणी पुढे आणली. इंग्रजीतच, पण स्वतःची! 1988 ला 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम आला, 1990 ला 'द सेकंड कमिंग'.

मग 1993 मध्ये त्यांनी चक्क जम बसलेलं नाव सोडलं. रॉक मशीन हे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. इंडस म्हणजे सिंधू. इंडस क्रीड म्हटलं की बँड कुठला, ते कळतं. या नावाचा अल्बम 1995 ला आला आणि दोनच वर्षांत बँड थांबला.

2010 ला ते पुन्हा जमले, नवा बासिस्ट आणि नवा ड्रमर घेऊन. 2012 च्या 'इव्हॉल्व्ह'मध्ये गाणी आठच, पण वळण प्रोग्रेसिव्ह रॉककडे, म्हणजे ठरावीक मुखडा-अंतऱ्यापेक्षा गुंतागुंतीच्या रचनेकडे. आधीच्या अल्बमनंतर तब्बल 17 वर्षांनी.