शयनगृहातला चौक
ठाणे, कल्याण वा डोंबिवलीच्या सदनिकेत शयनगृहाची भिंत हौसेने रंगवणाऱ्याच्या पाठीशी एक जुनी परंपरा उभी आहे; कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत वारली चित्रांचा मुख्य मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. लग्नप्रसंगी सुवासिनी घरातल्या कुडाच्या भिंतीवर, शेणाने सारवून गेरू दिलेल्या पृष्ठभागावर, तांदळाच्या पिठाने ‘चौक’ म्हणजे पालघाट देवीला मध्यभागी बसवणारी चौकट काढीत. ते चित्र विकण्यासाठी नव्हे, घरच्यांसाठी असे, आणि हौशी भित्तिचित्राचे मर्मही नेमके तेच आहे. पुढे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी ही कला कागद-कापडावर नेली व जगापुढे मांडली.

सदनिकेच्या भिंतीचा स्वभाव मात्र कुडाहून वेगळा आहे. गिलाव्यावरची पुट्टी, म्हणजे खाचा बुजवणारा पांढरा लेप, ओल धरली की रंगासह पापुद्र्यांनी सुटते. म्हणून पावसाळा सरल्यावर, भिंत पुरती वाळल्यानंतर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात द्यावा आणि मगच पाण्यात कालवता येणारे, पण वाळल्यावर पाण्याने न निघणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत. घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आधी घ्यावी.