विश्लेषण : 'वॉटरप्रूफ' हातमोज्यातही हात ओला का होतो? खरेदीपूर्वी काय तपासाल?

दिवाळी सरली की मुंबईत हिमालयातल्या हिवाळी ट्रेकची तयारी सुरू होते. जोगेश्वरीहून उत्तराखंडातल्या केदारकंठाला निघालेला ट्रेकर बूट आणि जॅकेटसाठी चार दुकाने फिरतो. हातमोजे मात्र 'वॉटरप्रूफ' हे लेबल पाहून शेवटच्या क्षणी उचलतो. पुढे तीच जोडी पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर दुचाकी चालवताना वापरली जाते. हात दोन्हीकडे ओला होतो, पण कारणे वेगळी असतात. ती समजून घेतली तर पैसे वाचतात आणि बर्फात बोटेही.

ओला हात धोकादायक का?

स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. हातमोजा ऊब देतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की जाडजूड हातमोजाही निरुपयोगी ठरतो. त्यात वाऱ्याची भर पडते. तापमान शून्य अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे ७ अंशांसारखे जाणवते. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले की हालचाल मंदावते. जॅकेटची चेन लावणे, बुटाची नाडी बांधणे जमेनासे होते. तापमान गोठणबिंदूच्या खाली असेल, तर पुढचा टप्पा हिमदंशाचा.

'शेल' हातमोजा म्हणजे काय?

शेल म्हणजे कवच. हा हातमोजा स्वतः ऊब देत नाही; पाणी आणि वारा अडवणे एवढेच त्याचे काम. ऊब आतल्या थरांतून मिळते. सर्वात आत घाम शोषून लवकर वाळणारा पातळ हातमोजा, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा जाड हातमोजा आणि सर्वात बाहेर शेल. तिन्ही थर सुटे असल्याने चढताना घाम येऊ लागला की मधला काढता येतो आणि मुक्कामी प्रत्येक थर वेगळा वाळवता येतो. अस्तर आत शिवलेला जाड हातमोजा एकदा आतून भिजला की तंबूतल्या थंडीत सकाळपर्यंत वाळत नाही.

घाम बाहेर टाकणारे कापड मुंबईत का हरते?

१९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनसारखा पदार्थ झटक्यात ताणला आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. त्यापासून पुढे गोर-टेक्स कापड आले. या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, मात्र घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. पण वाफ जाते ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे. ३४ अंश तापमानाच्या घामेजल्या त्वचेपाशी वाफेचा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. जुलैतल्या जोगेश्वरीत तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर बाहेरचा दाब सुमारे ३ किलोपास्कल. उणे ५ अंशांत तो जेमतेम ०.४ असतो. म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा जोर मुंबईच्या पावसात बर्फातल्यापेक्षा निम्म्याहून कमी. महागडा हातमोजा इथे गळत नसतो. हात स्वतःच्याच घामाने भिजलेला असतो.

'१०,००० मिमी' या आकड्याचा अर्थ काय?

कापडाने १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन केला, एवढाच त्याचा अर्थ. ही चाचणी कापडाच्या तुकड्यावर होते, शिवलेल्या हातमोज्यावर नाही. पाणी शिरते ते शिवणीतल्या सुईच्या छिद्रांतून, बोटांच्या बेचक्यांतून आणि मनगटाकडून. अनेक हातमोज्यांत बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये पडद्याची पिशवी बसवलेली असते. अशा वेळी पाणी आत आले नाही, तरी बाहेरचे कापड भिजून जड होते आणि हात गार पडतो. पाणी झटकणारा वरचा लेपही काठीच्या घर्षणाने तळव्यावर आधी झिजतो. थेंब मोत्यासारखा न घरंगळता पसरू लागला, तर लेप संपत आला असे समजावे.

खरेदी करताना काय पाहावे?

- शिवणी आतून टेपने बंद केलेल्या आहेत का, हे पाहावे. तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर दुकानदाराला विचारावे.
- आतले दोन्ही थर घालूनच माप घ्यावे. बोटांच्या टोकाशी थोडी जागा हवी. घट्ट हातमोजा रक्तप्रवाह आणि आतली हवा दोन्ही दाबतो.
- ओल्या हाताने घालून काढून पाहावा. बोटांबरोबर अस्तर बाहेर आले, तर तो घेऊ नये.
- मनगटाचा पट्टा दुसऱ्या हातात हातमोजा असतानाही ओढता यायला हवा.
- कडाक्याच्या थंडीसाठी चारही बोटे एकत्र राहणारा मिटन अधिक उबदार. दोर, कॅमेरा, काठी हाताळायची तर पाच बोटांचा सोयीचा.
- घरी आणल्यावर कागदी रुमाल हातात धरून हातमोजा बादलीत मनगटापर्यंत पाच मिनिटे बुडवावा. कागद कुठे भिजला, तिथे गळती. पायथ्याच्या गावी भाड्याने घेतलेल्या जोडीचीही अशीच परीक्षा घ्यावी.

मुंबईच्या पावसासाठी काय घ्यावे?

शहरातल्या दुचाकीस्वाराला थंडीपेक्षा निसरड्या पकडीचा आणि पडल्यावर तळवा सोलवटण्याचा धोका मोठा. त्याच्यासाठी तळव्याला पकड आणि बोटांच्या सांध्यांना संरक्षण असलेले, लवकर वाळणारे रायडिंग हातमोजे पुरेसे. भिजले तर बदलायला दुसरी जोडी ठेवावी. कळसूबाईसारख्या १,६४६ मीटर उंचीच्या शिखरावर भर पावसात तासन्‌तास वारा खावा लागतो. तिथे फ्लीसच्या हातमोज्यावर मोठ्या मापाचा साधा रबरी हातमोजा हे स्वस्त कवच ठरते. घाम अडकतो, पण पाऊस आणि वारा आत येत नाही. दुचाकीवर मात्र रबरी हातमोजा वापरू नये. पडल्यास तो तळव्याचे रक्षण करत नाही.

बोटे बधिर झाली तर?

ओले हातमोजे काढून हात काखेत धरावा आणि कोरडी जोडी घालावी. बोटे पांढरी, टणक झाली असतील तर चोळू नयेत, बर्फ लावू नये, शेकोटीजवळही नेऊ नयेत. बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. ती पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल, तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावीत आणि तातडीने डॉक्टर गाठावा.